मॉडेल रेल्वेसाठी बिनतारी डीसीसी कशी निवडावी: हातातल्या थ्रॉटलपासून रुळांपर्यंत

डिजिटल नियंत्रणाचा, म्हणजे डीसीसीचा, संच घ्यायला निघालेले बहुतेक जण पेटीपासून सुरुवात करतात. किती अँपिअर, किती इंजिनं, पडदा रंगीत की साधा, हे पाहून संच घरी येतो आणि मग कळतं की त्याच्यासोबतचा थ्रॉटल, म्हणजे गाडीचा वेग आणि दिशा बदलण्याचं हातातलं उपकरण, तारेने बांधलेला आहे किंवा बिनतारी असूनही हातात नीट बसत नाही. या लेखात क्रम उलटा धरला आहे. आधी हातातला थ्रॉटल ठरवा, मग तो कोणती भाषा बोलतो ते पाहा, मग ती भाषा समजणारं कमांड स्टेशन (थ्रॉटलच्या आज्ञा रुळांवर पाठवणारी मुख्य पेटी) निवडा आणि शेवटी बूस्टर (रुळांना पुरेशी वीज देणारा भाग) व तारा. दुसरी गोष्ट, पैसे देण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हातात असू द्या: थ्रॉटल मध्येच गप्प झाला तर चालती गाडी काय करते? बिनतारी यंत्रणांचा खरा फरक या उत्तरात आहे, आणि माहितीपत्रकात नेमकं तेच सापडत नाही.

## १. तुम्हाला नेमकी कुठली तार नको आहे?

डीसीसी म्हणजे रुळांवरूनच वीज आणि आज्ञा दोन्ही पाठवण्याची पद्धत. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीने तिचा पाया घातला आणि अमेरिकेतल्या एनएमआरए या संघटनेने १९९० च्या दशकात तिचं मानक केलं. त्यामुळे एका कंपनीचा डीकोडर, म्हणजे इंजिनात बसणारा आज्ञा समजणारा छोटा बोर्ड, दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर चालतो. पण हे मानक रूळ आणि डीकोडर यांच्यापुरतं आहे. थ्रॉटल आणि कमांड स्टेशन यांच्यात काय बोललं जावं ते प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं आहे. नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथूनच सुरू होतो.

‘बिनतारी’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लावला जातो:

- थ्रॉटल बिनतारी, रूळ तसेच. थ्रॉटल रेडिओने कमांड स्टेशनच्या रिसीव्हरशी बोलतो, पुढचा सगळा प्रवास नेहमीप्रमाणे तारा आणि रुळांतून होतो. घरातल्या बहुतेक लेआउटना (रुळांच्या मांडणीला) हेच हवं असतं.
- फोन किंवा वाय-फाय थ्रॉटल. रचना वरच्यासारखीच, फक्त मधला दुवा वाय-फायचा.
- रेडिओ थेट इंजिनात, वीज बॅटरीची. याला ‘डेड रेल’ म्हणतात. रुळांत वीजच नसते, त्यामुळे रूळ घासायचे नाहीत, तारा ओढायच्या नाहीत आणि परतीच्या फेऱ्यात (गाडी वळसा घेऊन त्याच रुळावर परत येते तिथे) शॉर्ट होण्याचा प्रश्न उरत नाही. बागेतल्या ४५ मिमी रुळांवर ही पद्धत उत्तम. १:८७ च्या एचओ मापात जागा फार तंग होते आणि १:१६० च्या एन मापात बॅटरी बसवायला बहुधा वाघीणच (मालडबा) वापरावी लागते. इंजिनाचं कवच धातूचं असेल तर अँटेना आत गुदमरते, ती प्लास्टिकच्या भागाखाली आणावी लागते.

पहिले दोन प्रकार घेतल्यावर रूळ घासणं आणि तारा ओढणं यांतून सुटका होत नाही. गाडी सांध्यावर (रूळ फुटतात तिथे) अडखळत असेल तर बिनतारी थ्रॉटल घेऊनही ती तिथेच अडखळेल. हा दोष रेडिओच्या माथी मारून लोक रिसीव्हर बदलत बसतात. सांध्याच्या पात्यात वीज पोचत नाही हे मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं.

यापुढचा लेख मुख्यतः पहिल्या दोन प्रकारांबद्दल आहे.

## २. थ्रॉटल हातात धरून पाहा

तास-दोन तास गाडी चालवताना तुमची नजर गाडीवर असते. म्हणून थ्रॉटल न पाहता चालवता आला पाहिजे. फोनच्या काचेवर वेग बदलताना बोट कुठे आहे ते पाहावंच लागतं. शंटिंगमध्ये, म्हणजे वाघिणी जोडणं-सोडणं चालू असताना, याचा कंटाळा लवकर येतो. पाहुण्यांसाठी किंवा तिसऱ्या-चौथ्या चालकासाठी फोन छान आहे. मुख्य चालकाच्या हातात मात्र खरी गोल खुंटी असावी, असं आमचं ठाम मत आहे.

खुंटीचे दोन प्रकार असतात आणि फरक लहान वाटला तरी रोज जाणवतो.

दोन्ही टोकांना अडणारी खुंटी (पोटेन्शिओमीटर). शून्य कुठे आहे ते बोटाला कळतं. पण एका थ्रॉटलवर दोन इंजिनं सांभाळताना अडचण येते. पहिलं इंजिन अर्ध्या वेगावर चालू आहे, तुम्ही थांबलेलं दुसरं इंजिन निवडलं, तर खुंटी अर्ध्यावर आणि इंजिन शून्यावर. मग काही थ्रॉटल खुंटी जुळेपर्यंत काहीच करत नाहीत, तर काही इंजिनाला एकदम झटका देतात. तुमचा थ्रॉटल यातलं काय करतो ते विचारून घ्या.

न थांबता फिरणारी खुंटी (एन्कोडर). इंजिन बदललं की ती त्याच इंजिनाच्या चालू वेगापासून पुढे मोजते. अनेक इंजिनं हाताळणाऱ्यासाठी हीच बरी. मात्र किती फेऱ्यांत शून्य ते पूर्ण वेग जातो ते पाहा. १२८ वेगपायऱ्यांवर काही थ्रॉटलना फार फिरवावं लागतं आणि घाईत गाडी थांबवताना ते नडतं. अशा थ्रॉटलवर आणीबाणीचं बटण अंगठ्याखालीच असायला हवं.

याशिवाय चार गोष्टी तपासा:

- बॅटरी बाजारात सहज मिळणारी आहे की आतच बंद केलेली? एए सेल बसत असतील तर १.२ व्होल्टचे रीचार्जेबल चालतात का? काही थ्रॉटल त्यांना लगेच ‘बॅटरी संपली’ समजतात.
- दिव्यासाठी एफ०, भोंगा आणि घंटा या तीन फंक्शनना स्वतंत्र बटण आहे का? बाकीची यादीत खोल गेली तरी चालतील.
- पडद्यावरचा इंजिनाचा पत्ता (त्याला ओळखण्याचा क्रमांक) मंद उजेडात वाचता येतो का?
- दिशा बदलण्याचं बटण चुकून दाबलं जाईल अशा जागी तर नाही?

## ३. थ्रॉटल कोणती भाषा बोलतो?

थ्रॉटल आणि कमांड स्टेशन यांना जोडणाऱ्या मार्गाला बस म्हणतात. थ्रॉटल निवडला की बस ठरते आणि बस ठरली की कमांड स्टेशनचे पर्याय दोन-चारच उरतात. नेहमी समोर येणारे प्रकार असे:

लोकोनेट. डिजिट्रॅक्सची बस, सहा तारांची. युरोपातल्या काही उत्पादकांनीही ती स्वीकारली आहे. डिजिट्रॅक्सच्या रेडिओ थ्रॉटलमध्ये दोन पिढ्या आहेत, सिंप्लेक्स आणि डुप्लेक्स. सिंप्लेक्स एकाच दिशेने बोलतो. नवं इंजिन निवडायचं झालं की थ्रॉटल भिंतीवरच्या सॉकेटात खुपसावा लागतो, त्यानंतर तार काढून फिरता येतं. डुप्लेक्स दोन्ही दिशांनी बोलतो, त्याला हे करावं लागत नाही. दोघांचे रिसीव्हर वेगळे आहेत. जुना माल घेताना लोक इथेच फसतात.

एक्सप्रेसनेट. लेन्झची बस, चार तारांची. रोकोच्या पेट्यांवर हीच एक्स-बस या नावाने दिसते.

कॅब बस. एनसीईची. या कंपनीचा ‘पॉवर कॅब’ संच नवख्यांत लोकप्रिय आहे, पण एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्या संचात हातातला थ्रॉटल स्वतःच कमांड स्टेशन असतो. तो त्याच्या सॉकेटातून काढला की रुळांची वीज जाते. तो हातात घेऊन खोलीभर बिनतारी फिरता येईल अशा समजुतीने घेऊ नका. रेडिओसाठी वेगळा थ्रॉटल आणि रिसीव्हर जोडावा लागतो.

झेड२१. रोको-फ्लाइशमनचं कमांड स्टेशन, वाय-फाय राउटरमार्फत स्वतःच्या भाषेत बोलणारं. त्याचं ॲप आणि वायलानमाउस हा खुंटी असलेला वाय-फाय थ्रॉटल, दोन्ही चालतात. सुरुवातीच्या डब्यात येणाऱ्या पांढऱ्या ‘झेड२१ स्टार्ट’ पेटीत मात्र वाय-फायची सोय कुलूपबंद असते, ती उघडण्याचा कोड वेगळा घ्यावा लागतो. डब्यावर काय लिहिलं आहे ते नीट वाचा.

वायथ्रॉटल. ही एका कंपनीची बस नाही. जेएमआरआय या मोफत संगणक-प्रणालीसोबत रुजलेली वाय-फायवरची भाषा आहे. अँड्रॉइडवरचं इंजिन ड्रायव्हर, आयफोनवरचं वायथ्रॉटल आणि टीसीएस कंपनीच्या यूडब्ल्यूटी-१०० सारखे खुंटीचे थ्रॉटल ती बोलतात. जेएमआरआय रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालतं आणि लोकोनेट, एक्सप्रेसनेट, एनसीई अशा अनेकांना जोडता येतं. डिजिट्रॅक्सची एलएनडब्ल्यूआय पेटी संगणकाशिवाय हेच काम करते, पण एका पेटीवर चारच थ्रॉटल. डीसीसी-ईएक्स हे खुल्या आराखड्याचं कमांड स्टेशनही वायथ्रॉटल समजतं.

पुढे यंत्रणा बदलण्याची शक्यता असेल तर वायथ्रॉटल बोलणारा खुंटीचा थ्रॉटल घ्या. कमांड स्टेशन बदललं तरी तो कामी येतो. एका कंपनीच्या रेडिओचा थ्रॉटल कंपनी बदलली की कपाटात जातो.

मार्कलिनच्या तीन-रुळी गाड्या असतील तर त्यांची एमएफएक्स भाषा बोलणारं कमांड स्टेशन आधी पाहा. नुसत्या डीसीसी यंत्रणेवर त्या गाड्यांच्या सगळ्या सोयी मिळत नाहीत.

## ४. रेडिओ की वाय-फाय?

स्वतःचा रेडिओ असलेले थ्रॉटल अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८ मेगाहर्ट्झ, तर दोन्हीकडे २.४ गिगाहर्ट्झ अशा पट्ट्यांवर चालतात. एका प्रदेशासाठी बनवलेला थ्रॉटल दुसऱ्या प्रदेशात वापरणं बेकायदा ठरू शकतं आणि तिथल्या रिसीव्हरशी तो बोलणारही नाही. परदेशातून मागवताना थ्रॉटल आणि रिसीव्हर दोन्हींच्या मागच्या पट्टीवरचा आकडा जुळवून पाहा.

कमी वारंवारितेच्या लहरी भिंत, लाकूड आणि माणसं यांतून जास्त सहज जातात. २.४ गिगाहर्ट्झ माणसाच्या शरीरात बराच शोषला जातो. घरी एकट्याने चालवताना सगळं ठीक असतं आणि प्रदर्शनात भोवती पन्नास माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, अशा वेळी थ्रॉटल रेंगाळतो, त्याचं कारण हे.

वाय-फाय घेत असाल तर लेआउटसाठी वेगळा राउटर ठेवा. घरच्या इंटरनेटशी त्याचा संबंध नको. वाहिनी आपोआप निवडू देऊ नका, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी जिथे गर्दी कमी ती पक्की करा. या तिघीच एकमेकींवर चढत नाहीत. मधली ३ किंवा ८ घेतली तर दोन्हीकडचा गोंगाट अंगावर येतो. डीसीसी-ईएक्ससोबत वापरला जाणारा ईएसपी८२६६ हा वाय-फायचा छोटा बोर्ड फक्त २.४ वर चालतो, त्यामुळे राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवलात तर तो दिसणारच नाही.

रिसीव्हर किंवा राउटर टेबलाखाली लपवण्याचा मोह होतो. वर रूळ, तारा, जाळी आणि धातूचे पाय, म्हणजे चारही बाजूंनी पडदा. तो माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, भिंतीवर, अँटेना उभी ठेवून लावा.

## ५. थ्रॉटल गप्प झाला तर?

हा भाग सावकाश वाचा, कारण महागडं इंजिन टेबलावरून खाली पडतं ते इथल्या अज्ञानामुळे.

डीसीसीत कमांड स्टेशन प्रत्येक चालू इंजिनाचा शेवटचा वेग स्वतःच्या स्मृतीत ठेवतं आणि तीच आज्ञा रुळांवर पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. थ्रॉटलने फक्त बदल कळवायचा असतो. त्यामुळे थ्रॉटलची बॅटरी संपली, फोन बंद पडला किंवा तुम्ही रेंजबाहेर गेलात, तर कमांड स्टेशनच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. गाडी त्याच वेगाने धावत राहते.

अनेकांना वाटतं की सीव्ही ११ यावर उपाय आहे (सीव्ही म्हणजे डीकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग). डीकोडरचं ते वेळेचं बंधन ‘रुळांवरून आज्ञा येणं थांबलं तर थांब’ असं सांगतं. पण आज्ञा येणं थांबलेलंच नसतं, कमांड स्टेशन त्या पाठवतच असतं. म्हणून थ्रॉटल हरवल्यावर सीव्ही ११ चा काही उपयोग नाही.

उपयोग होतो तो ‘हार्टबीट’चा, म्हणजे थ्रॉटलने ठरावीक सेकंदांनी ‘मी आहे’ असं कळवत राहण्याचा. जेएमआरआयच्या वायथ्रॉटल सेटिंगमध्ये ही सोय आहे. दिलेल्या वेळात हाक आली नाही तर त्या थ्रॉटलवरची इंजिनं आणीबाणीने थांबवली जातात. ही सोय चालू आहे ना ते स्वतः पाहा. नेहमीचा आकडा १० सेकंद असतो. एचओमध्ये जोरात जाणारी गाडी तेवढ्यात दोन-तीन मीटर सहज कापते, म्हणून वेळ कमी करावासा वाटेल. पण ३ सेकंदांवर आणला तर वाय-फायच्या किरकोळ उचकीलाही गाडी मध्येच थांबते. ५ ते १० च्या दरम्यान ठेवा आणि खाली दिलेल्या चाचणीने पक्कं करा.

कंपन्यांच्या स्वतःच्या रेडिओ यंत्रणांत वागणं वेगवेगळं असतं, काही थांबवतात, काही नाही. माहितीपुस्तिकेवर विसंबू नका, चाचणी घ्या:

1. एकच इंजिन, गोल फेऱ्यावर, मंद वेगाने चालू करा. दुसरा थ्रॉटल किंवा कमांड स्टेशनचं थांबवण्याचं बटण हाताशी ठेवा.
2. चालत्या थ्रॉटलची बॅटरी काढा, फोन असेल तर विमान-मोड चालू करा.
3. गाडी किती सेकंदांनी थांबते ते मोजा. ३० सेकंदांत थांबली नाही तर ती आपण होऊन थांबणार नाही असं धरा.
4. बॅटरी परत घाला. थ्रॉटल आपोआप तेच इंजिन परत पकडतो का, आणि पकडताना झटका देतो का, ते पाहा.
5. थ्रॉटल घेऊन दरवाज्याबाहेर चालत जा आणि कुठे संपर्क तुटतो ते जमिनीवर खूण करून ठेवा.

गाडी थांबत नसेल तर यंत्रणा टाकून द्यायची गरज नाही. लेआउटच्या दोन्ही टोकांना सहज दिसेल असं, रुळांची वीज तोडणारं लाल बटण बसवा. त्यातही एक फट आहे. ज्या इंजिनात ‘कीप-अलाइव्ह’ कपॅसिटर आहे ते वीज तोडल्यावरही काही सेकंद चालत राहतं, ते त्याचं कामच आहे. इथे मात्र सीव्ही ११ खरोखर कामी येतो, कारण वीज तोडली की आज्ञाही थांबतात. पण पहिल्या पसंतीला वीज तोडण्यापेक्षा आणीबाणी-थांबा ही आज्ञाच द्या. वीज चालू असल्याने प्रत्येक डीकोडरपर्यंत ती पोचते.

सुसाट सुटण्याचं आणखी एक कारण रेडिओशी संबंधित नाही, पण दोष त्याच्यावरच येतो. बऱ्याच डीकोडरमध्ये सीव्ही २९ ची किंमत ६ असते. त्यातले ४ म्हणजे ‘साध्या डीसी विजेवरही चाल’ ही परवानगी. शॉर्टच्या वेळी रुळांवरचा डिजिटल संकेत बिघडला तर डीकोडर त्याला साधी वीज समजून पूर्ण वेगाने पळू शकतो. तुमची गाडी डिजिटल रुळांवरच चालणार असेल तर ही परवानगी काढा (पत्त्यांचे प्रकार भाग ९ मध्ये आहेत): छोट्या पत्त्याच्या इंजिनाला ६ ऐवजी २, मोठ्या पत्त्याच्या इंजिनाला ३८ ऐवजी ३४. आधी किंमत वाचून घ्या, कारण दिशा उलटी केलेली असेल तर त्यात १ आणि रेलकॉम (डीकोडरने माहिती परत पाठवण्याची सोय) चालू असेल तर ८ मिळवलेले असतात. जी काही किंमत दिसेल तिच्यातून फक्त ४ वजा करायचे.

## ६. अँपिअरचा हिशेब

इथे फार घोळ घालू नका. एन मापाच्या एका चालत्या इंजिनाला साधारण ०.२ ते ०.३ अँपिअर, एचओच्या आवाजवाल्या इंजिनाला अर्धा ते पाऊण, बागेतल्या मोठ्या इंजिनाला दीड ते तीन. एकाच वेळी जितकी चालणार त्यांची बेरीज करा आणि वर निम्म्याने वाढवा. डब्यांतले जुने बल्ब धरायला विसरू नका. एचओच्या चार आवाजवाल्या गाड्यांना ३ अँपिअर जेमतेम, ५ आरामात.

पण जास्त अँपिअर म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. १५ व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे ७५ वॉट. रुळावरून घसरलेल्या चाकातून एवढी वीज गेली तर प्लास्टिक वितळतं. एन मापाला ५ अँपिअरचा बूस्टर लावत असाल तर लेआउटचे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा सर्किट ब्रेकर द्या. व्होल्टही मापाप्रमाणे हवेत: एनसाठी १२ च्या आसपास, एचओसाठी १४ ते १५, मोठ्या मापांसाठी १८ किंवा जास्त.

मुख्य तारेची जाडी अशी समजून घ्या. २.५ चौरस मिमीची तांब्याची तार १० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन २० मीटरला सुमारे ०.१४ ओहम रोध, म्हणजे ३ अँपिअरला ०.४ व्होल्टची घट. तेच ०.५ चौरस मिमीच्या तारेत २ व्होल्टच्या वर जातात. म्हणून मुख्य तार २.५ ची आणि तिच्यापासून रुळाला डाग देऊन जोडलेल्या ०.५ च्या आखूड तारा, दर मीटरला एक जोडी. रूळजोडांतून वीज वाहील या भरवशावर राहू नका, ते कालांतराने सैल होतात.

मग नाण्याची परीक्षा. वीज चालू असताना लेआउटच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन्ही रुळांवर आडवं नाणं ठेवा. बूस्टरने लगेच वीज तोडली पाहिजे. जिथे तो तोडत नाही तिथे तार बारीक आहे किंवा जोड कच्चा आहे. ही परीक्षा पार पडल्याशिवाय महाग इंजिन रुळावर ठेवू नका.

## ७. खरेदीला जाताना सोबत ठेवायची यादी

- तुमच्याकडच्या प्रत्येक इंजिनाचा डीकोडर, त्याचा पत्ता आणि कीप-अलाइव्ह आहे की नाही
- वरच्या हिशेबाचा अँपिअरचा आकडा आणि मापाप्रमाणे व्होल्ट
- खोलीचा ढोबळ नकाशा: भिंती, धातूची कपाटं, राउटर कुठे
- एकाच वेळी जास्तीत जास्त किती चालक
- थ्रॉटल, रिसीव्हर आणि कमांड स्टेशन यांचे नेमके मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, रेडिओचा पट्टा
- मल्टिमीटर, एक नाणं, बदलीच्या बॅटऱ्या

मल्टिमीटरबद्दल एक सूचना. डीसीसीचा संकेत काही हजार वेळा प्रति सेकंद उलटतो, साधा मल्टिमीटर त्याचा आकडा अचूक दाखवत नाही. एसी व्होल्टवर ठेवून दोन जागांचे आकडे एकमेकांशी ताडायला तो पुरेसा आहे.

जुनी यंत्रणा घेताना रिसीव्हर आणि थ्रॉटल एकत्र चालताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. वीज देणारा अडॅप्टर मूळचाच आहे का तेही विचारा. जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावून कमांड स्टेशन जाळलं जाणं नेहमीचं आहे. डीसीसी-ईएक्स स्वतः जुळवणार असाल तर अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या आर३ मोटर शील्डमागचा व्हीआयएन (वीज आत घेण्याचा) जोड कापायला विसरू नका, नाहीतर रुळांसाठीचे १५ व्होल्ट थेट अर्डुइनोच्या बोर्डात शिरतात.

## ८. फोन जोडताना

फोनच्या तक्रारी बहुतेक वेळा यंत्रणेच्या नसतात, फोनच्याच असतात. लेआउटच्या राउटरला इंटरनेट नसतं, हे फोनला आवडत नाही. तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो आणि ॲपला कमांड स्टेशन सापडेनासं होतं.

1. मोबाइल डेटा बंद करा आणि ‘इंटरनेट नसेल तर दुसरं नेटवर्क घ्या’ अशा अर्थाची सेटिंग काढून टाका.
2. थ्रॉटल ॲपला बॅटरी-बचतीतून वगळा, पडदा चालू राहील अशी सोय करा. नाहीतर फोन झोपला की हार्टबीट थांबतो आणि गाडी बोगद्यात अडकते.
3. आयफोनवर ॲपने ‘स्थानिक नेटवर्क’ची परवानगी मागितली की ती द्या. एकदा नाकारलीत तर ॲप काहीच न सांगता रिकामी यादी दाखवत राहतं.
4. आपोआप सापडत नसेल तर पत्ता हाताने टाका. पोर्ट जेएमआरआयसाठी १२०९०, डीसीसी-ईएक्ससाठी २५६०. झेड२१ चा मूळ पत्ता १९२.१६८.०.१११.
5. राउटरमध्ये कमांड स्टेशनला किंवा जेएमआरआयच्या संगणकाला कायमचा पत्ता नेमून द्या.

फोन कॉल आला की ॲप मागे जातं. गाडी चालवताना ‘व्यत्यय नको’ लावून ठेवा.

## ९. पहिलं इंजिन आणि पत्त्यांचा घोळ

नव्या डीकोडरचा पत्ता ३ असतो. प्रोग्रॅमिंग रुळावर (फक्त सेटिंग बदलण्यासाठी वेगळा ठेवलेला तुकडा) एकच इंजिन ठेवून तो बदला. मुख्य रुळावर सगळी इंजिनं असताना तीनचा पत्ता बदलायला गेलात तर तीनवर असलेली सगळी बदलतील. कीप-अलाइव्ह असलेलं इंजिन प्रोग्रॅमिंगला दाद देत नसेल तर कपॅसिटर तात्पुरता सोडवा.

पत्ता १०० ते १२७ च्या दरम्यान देऊ नका. लेन्झच्या परंपरेत ९९ पर्यंतचा पत्ता छोटा, पुढचा मोठा. डिजिट्रॅक्स आणि एनसीई १२७ पर्यंत छोटा धरतात. त्यामुळे ११२ पत्त्याचं इंजिन एका यंत्रणेवर पळतं आणि मित्राच्या लेआउटवर ढिम्म हलत नाही. फोनच्या ॲपमध्ये ‘छोटा की मोठा’ हे वेगळं निवडावं लागतं, तेही पाहा. सगळ्यात सोपं म्हणजे इंजिनावर रंगवलेला चार आकडी क्रमांकच पत्ता म्हणून द्यायचा. १०२३९ पर्यंतचा पत्ता मानकात बसतो, पण काही कमांड स्टेशन ९९९९ वरच थांबतात.

एक्सप्रेसनेट किंवा कॅब बसवर एकापेक्षा जास्त थ्रॉटल असतील तर त्या थ्रॉटलनाही स्वतःचा वेगळा क्रमांक लागतो. दोघांचा क्रमांक एकच झाला तर बटणं कधी चालतात, कधी नाही, आणि दोष रेडिओचा वाटतो. नवा थ्रॉटल आला की पहिल्यांदा त्याचा क्रमांक बदला आणि चिकटपट्टीवर लिहून पाठीवर लावा. मग दुसरा चालू करा.

डीकोडर नसलेलं जुनं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नका. काही यंत्रणा शून्य पत्त्यावर ते चालवू देतात, पण मोटर उभी असतानाही गुणगुणत तापते आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर लवकर जळते. तसंच जुना डीसी ट्रान्सफॉर्मर एखाद्या बाजूच्या फाट्याला अजून जोडलेला राहिला असेल तर तो आधी पूर्ण सोडवा. एखाद्या गाडीची चाकं दोन्ही भागांवर एकदम आली की डीसीची वीज थेट बूस्टरमध्ये शिरते.